गोवर्धन: जलयंत्रे घडवणाऱ्यांचे नगर

गोवर्धन हे सातवाहन काळात गोदावरीच्या उगमाकडच्या खोऱ्याचे मुख्य नगर होते. त्या काळच्या जिल्ह्याला आहार म्हणत, आणि आज नाशिक जिल्ह्यात मोडणारा प्रदेश तेव्हा 'गोवर्धन आहार' या नावाने ओळखला जाई. राजाचा अमात्य तिथे राही, विणकरांच्या, तेल्यांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणी म्हणजे कारागीर-संघ तिथे नांदत आणि राजघराण्यातली माणसे कायमच्या ठेवी विश्वासाने या श्रेणींकडे ठेवत. आज गंगापूर रस्त्याने नाशिकच्या पश्चिमेला दहाएक किलोमीटरवर, नदीच्या उजव्या काठाला गोवर्धन नावाचे गाव आहे. मधल्या सतराशे वर्षांत नगराचे गाव झाले, आणि त्याच आहारातले नाशिक मोठे शहर झाले.

या नगराचा इतिहास त्याच्या स्वतःच्या जागेवरून जितका कळतो, त्याहून कितीतरी अधिक तो समोरच्या डोंगरावरून कळतो. नाशिकच्या नैर्ऋत्येला, मुंबई-आग्रा रस्त्यालगत पांडवलेणी आहेत. लेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे येते. इथे २४ लेणी खोदलेली आहेत आणि त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख आहेत. दान कोणी दिले, किती दिले, कोणाकडे ठेवले, व्याज काय ठरले, हुकूम कोणी लिहिला आणि कोणत्या तिथीला हाती दिला, इतका तपशील त्यांत आहे. प्राचीन भारतातल्या एखाद्या नगराच्या पैशाच्या व्यवहाराची इतकी नेमकी नोंद क्वचितच सापडते.

नगर तिथेच का वाढले याचे उत्तर भूगोलात आहे. सह्याद्रीचा माथा ओलांडून आलेला व्यापारी या खोऱ्यात पहिल्यांदा सपाटीवर येतो. पश्चिमेला थळ घाटाने उतरले की शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा, उत्तरेला तापी ओलांडली की भरुकच्छ म्हणजे भरूच, आणि गोदावरीच्या काठाकाठाने खाली गेले की प्रतिष्ठान म्हणजे पैठण. देशावरचे कापड आणि अकीक बंदरांकडे नेणाऱ्या वाटांपैकी एक मोठी वाट इथून जाई. पाणी बारमाही, जमीन काळी, घाट जवळ. बाजारपेठेला आणखी काय लागते?

सुरुवातीची खूण इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतली आहे. १९ क्रमांकाचे लहानसे लेणे सातवाहन राजा कण्ह याच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने करवले. पुढे दान देणाऱ्यांची यादी रुंदावत गेली. त्यात मुगुदास नावाचा कोळी आहे, दशपुराहून आलेला वुधिक नावाचा शक लेखनिक आहे, आणि दात्तामित्री या उत्तरेकडच्या गावचा यवन धम्मदेव याचा मुलगा इंद्राग्निदत्तही आहे. १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर तर नाशिककरांनी मिळून केलेल्या दानाची नोंद आहे. परमुलखातली माणसे इथे येऊन डोंगरात दान कोरून जातात, यावरून खालच्या बाजारात किती प्रकारची माणसे वावरत असतील याची कल्पना येते.

नगराच्या भरभराटीचा काळ क्षहरात क्षत्रप नहपान याच्या सत्तेशी जोडलेला आहे. त्याच्या काळातल्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची मानली तर तो इसवी सन ११९ ते १२४ च्या सुमाराला येतो. काही अभ्यासक त्याला सुमारे अर्धे शतक मागे नेतात. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भरुकच्छाच्या बाजूला मांबानोस नावाच्या राजाचे राज्य सांगितले आहे, तो हाच नहपान असे बहुतेकांचे मत आहे. त्याच ग्रंथात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. कल्याण हे पूर्वी कायदेशीर व्यापाराचे बंदर होते, पण नंतर तिथला व्यापार अडवला गेला आणि चुकून तिथे शिरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुकच्छाला नेली जाऊ लागली. बंदरांची ही लढाई होती. ज्याच्या ताब्यात घाटमाथ्यावरची नगरे, त्याच्या बंदरात माल. नहपानाच्या घराण्याने गोवर्धनावर एवढा पैसा का ओतला, हे या पार्श्वभूमीवर समजते. त्यात धर्मभावना होती आणि राज्याचा हिशेबही होता.

हा पैसा मुख्यतः उषवदाताच्या हातून आला. दीनिकाचा मुलगा आणि नहपानाचा जावई असलेल्या या शकाने १० क्रमांकाचे लेणे खोदवले. त्यातल्या दोन खोल्या त्याची पत्नी दक्षमित्रा हिच्या नावावर आहेत. उषवदाताच्या मोठ्या लेखात त्याच्या कामांची जंत्री आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने चौकोनी धर्मशाळा बांधल्या. बागा लावल्या, तळी आणि विहिरी खोदल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि नद्यांच्या दोन्ही काठांवर विसाव्याची ठिकाणे व पाणपोया केल्या. दमणगंगा आणि डहाणू ही नावे आजही ओळखू येतात. नकाशावर या जागा मांडल्या तर शूर्पारकापासून भरुकच्छापर्यंतचा किनाऱ्याचा रस्ता उभा राहतो. चार धर्मशाळांपैकी घाटमाथ्यावर दख्खनच्या तोंडाशी आहे ती गोवर्धनाची.

त्याच लेण्याच्या ओसरीतला ४२ व्या वर्षाचा लेख जवळून वाचण्यासारखा आहे. उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची (चांदीच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडायची ठेव केली. ही रक्कम त्याने गोवर्धनात राहणाऱ्या कोलिकांच्या म्हणजे विणकरांच्या दोन श्रेणींकडे वाटून दिली: एकीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने, दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी म्हणजे वस्त्रांसाठी द्यायचे. हिशेब करून पाहावा. २,००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजेही बरोबर २४०. एकही नाणे शिल्लक राहत नाही, एकही कमी पडत नाही. दुसऱ्या रकमेचे वर्षाचे ९० कार्षापण भिक्षूंच्या इतर खर्चाला होते. ठेव ठरवताना हिशेबनीस शेजारी बसलेला होता, हे उघड दिसते.

आणि पैसा विणकरांकडेच का? कारण भांडवल तिथे लगेच कामाला लागत होते. सूत घ्यायचे, माग चालवायचे, कापड बंदराकडे धाडायचे, आणि नफ्यातून व्याज भागवायचे. पेरिप्लसमध्ये दख्खनच्या आतल्या भागातून भरुकच्छाला येणाऱ्या मालात कापडाचे अनेक प्रकार सांगितले आहेत. श्रेणी म्हणजे कारागिरांची जात-पंचायत एवढेच नव्हते. ती ठेवी स्वीकारणारी, त्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी संस्था होती. कौटिलीय अर्थशास्त्रात दरमहा शेकडा सव्वा हा धर्म्य म्हणजे न्याय्य दर मानला आहे, व्यापाराच्या कर्जाला शेकडा ५, रानातून माल नेणाऱ्याला १० आणि समुद्रावर जाणाऱ्याला २०. व्याजाचा दर जोखमीप्रमाणे चढत जातो हे त्यातून स्पष्ट आहे. गोवर्धनचे विणकर १ आणि पाऊण टक्क्याने पैसा घेत होते. त्यांच्याकडे ठेवलेला पैसा बुडणार नाही अशी खात्री असल्याशिवाय कोणी इतक्या कमी व्याजाने ठेव ठेवत नाही. नगराची खरी पत या आकड्यांत दिसते.

या विश्वासाला लेखी नोंदींचा आधार होता. ४२ व्या वर्षाच्या त्या लेखाच्या शेवटी म्हटले आहे की हे सर्व निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवून ठेवले. म्हणजे गोवर्धनात नागरिकांची सभा होती, तिचे दप्तर होते आणि मोठ्या ठेवी तिच्यासमोर जाहीर होत. त्याच लेखात देवाब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांची नोंद आहे, आणि तिथे एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा भाव देऊन ही रक्कम २,००० सुवर्णांइतकी असल्याचे सांगितले आहे. चांदीचा सोन्यात हिशेब, ठरलेला भाव, जाहीर वाचन, लेखी नोंद. सावकारीला लागणारी सगळी सामग्री इथे तयार होती. जमिनीचे व्यवहारही रीतसर होते. नगराच्या वायव्य शिवेवरचे एक शेत उषवदाताने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना विकत घेतले आणि भिक्षूंच्या अन्नासाठी दिले. ते शेत अश्विभूतीला वडिलांकडून आलेले होते हेही लेख सांगतो. राजाचा जावई शेत बळकावत नाही, मालकाला पैसे मोजतो, आणि मालकाचा हक्क कुठून आला हे लिहून ठेवतो.

मग युद्ध आले. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचे राज्य मोडले. या पराभवाचा पुरावा १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावी सापडला: १३,२५० च्या आसपास चांदीची नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतली ९,२७० च्या सुमारास गौतमीपुत्राने पुन्हा ठोकलेली. मूळ नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. सातवाहनांच्या टांकसाळीत त्यावर चैत्य आणि उज्जैन चिन्ह उमटवले गेले. काही नाण्यांवर चैत्याच्या कमानींमागून नहपानाचे नाक आणि हनुवटी अजून स्पष्ट दिसते. नाणी वितळवली नाहीत, यात जेत्याचा शहाणपणा दिसतो. त्याच वजनाची तीच चांदी नव्या शिक्क्याने चालू राहिली, आणि बाजारातले देणेघेणे थांबले नाही.

नव्या राजाने गोवर्धनाकडे तातडीने लक्ष दिले. १८ व्या राज्यवर्षी, वैजयंती सेनेच्या विजयी छावणीतून त्याने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला हुकूम धाडला: पश्चिम काखडी गावातले, आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावे. त्या शेतात सरकारी माणसाने शिरू नये, मिठासाठी ते खोदू नये, आहाराच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये, अशा सवलती त्यात तपशीलवार आहेत. युद्ध नुकतेच संपलेले असताना छावणीतून शेताच्या सवलतींचा हुकूम निघतो. राज्यकारभार किती घट्ट बसलेला होता, ते यातून कळते.

पण २४ व्या वर्षाचा दुसरा हुकूम वेगळेच काही सांगतो. गौतमीपुत्र आणि राजमाता यांच्या वतीने अमात्य श्यामकाला कळवले आहे की काखडीचे ते शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही. तेव्हा नगराच्या शिवेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने त्या भिक्षूंना द्यावीत. सहा वर्षांत एक गाव उठून गेले होते. युद्धाचा घाव शिलालेखाच्या प्रशस्तीत दिसत नाही, तो या दोन ओळींत दिसतो. नगराच्या भोवतीचा मुलूख दिसायला भरलेला असला तरी किती नाजूक होता, याची ही पहिली लेखी साक्ष आहे.

तरीही पुढची काही दशके वैभवाची होती. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने ३ क्रमांकाचे लेणे भद्रावनीय पंथाच्या भिक्षूंना दिले. मुलाच्या पराक्रमाची तिने कोरवलेली प्रशस्ती सातवाहनांच्या इतिहासाचा मुख्य आधार आहे. क्षहरातांचा वंश निःशेष करणारा असे त्याचे वर्णन तीत येते. लेण्याची रचना मात्र शत्रूच्या जावयाच्या लेण्यावरून घेतलेली आहे. दोन्ही ओसऱ्यांचे खांब शेजारी ठेवून पाहिले तर बलश्रीच्या कारागिरांनी उषवदाताचे लेणे डोळ्यांसमोर ठेवून काम केले हे लपत नाही. त्याच गोवर्धनातले तेच शिल्पी दोन्हीकडे राबले असण्याचा पूर्ण संभव आहे. राजे बदलले, हात तेच राहिले.

या नगराचे सर्वांत वेगळे वैशिष्ट्य त्याच्या उतरत्या काळातल्या लेखातून कळते, ही त्याच्या इतिहासातली हळहळ लावणारी गोष्ट आहे. सातवाहन सत्ता संपल्यावर आभीर राजे आले. माढरीपुत्र ईश्वरसेन या आभीर राजाच्या ९ व्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेवी केल्या. ती शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक ही पदवी असलेल्या रेभिलाची पत्नी आणि गणपक विश्ववर्म्याची आई होती. आभीरांचे वर्ष इसवी सन २४८-४९ पासून मोजले तर हा लेख २५८ च्या सुमाराचा येतो. तो १० क्रमांकाच्या लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर आहे आणि बराच झिजला आहे. तरी त्यातून कळते की १,००० कार्षापण कुलरिकांच्या श्रेणीकडे, २,००० कार्षापण ओदयंत्रिकांच्या श्रेणीकडे आणि आणखी काही रकमा इतर श्रेणींकडे ठेवल्या होत्या. त्यांत तिळाचे तेल काढणारे तेलीही होते. कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे.

अशा कारागिरांची स्वतंत्र श्रेणी भारतातल्या प्राचीन लेखांत फार विरळा. ते नेमके काय घडवत याविषयी अभ्यासकांनी पाणी उपसण्याची यंत्रे आणि पाण्याची घटिकायंत्रे अशी दोन्ही अनुमाने केली आहेत. गोवर्धनची परिस्थिती पाहता पहिले अनुमान अधिक पटते. लेख बागा, तळी, विहिरी आणि नारळाच्या हजारो झाडांच्या दानांनी भरलेले आहेत, आणि काठापेक्षा खोल वाहणाऱ्या नदीचे पाणी वर चढवल्याशिवाय काठावरची बाग जगत नाही. पाणी उपसणारा राहाट चालवायचा तर चाकाला सुतार, कण्याला लोहार, दोराला दोरखंड वळणारा आणि माळेत बांधायच्या मडक्यांना कुंभार लागतो. मडके फुटत राहते, म्हणून कुंभार रोजचा. ओदयंत्रिकांच्या शेजारी कुंभारांची श्रेणी त्याच ठेवीत यावी, हे या कामाच्या स्वरूपाशी जुळते. रकमेकडेही पाहण्यासारखे आहे: कुंभारांकडे १,००० आणि यंत्रकारांकडे त्याच्या दुप्पट. दीड शतकापूर्वी उषवदाताने नगरातली सर्वांत मोठी ठेव विणकरांकडे ठेवली होती. आता तेवढीच रक्कम पाण्याच्या यंत्रांकडे गेली. कौशल्याच्या जोरावर ठेवी आकर्षून घेणारी, यंत्रांचे काम स्वतंत्र धंदा म्हणून करणारी ही त्या काळची तंत्रनगरी होती, असे म्हणायला हरकत नाही.

ऱ्हास एका घावाने झाला नाही. इसवी सन १५० च्या जुनागढ लेखात कार्दमक क्षत्रप रुद्रदामन् आपल्या प्रदेशांत अपरांत म्हणजे कोकणपट्टीही मोजतो, आणि दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवल्याचे सांगतो. बंदरे पुन्हा शत्रूकडे गेली की घाटमाथ्यावरच्या पेठेचे हाल होणारच. त्याचा पडसाद लेण्यांतही आहे. २० क्रमांकाचे लेणे बोपकी नावाच्या भिक्षूने सुरू केले, ते कित्येक वर्षे अपुरे पडून राहिले, आणि यज्ञश्री सातकर्णीच्या ७ व्या वर्षी महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने ते पुरे केले. पैसा कमी पडल्याने किंवा माणसे पांगल्याने काम थांबते, ही अवस्था नगरात आली होती.

तिसऱ्या शतकात यापेक्षा मोठे कारण घडले. रोमन साम्राज्य अंतर्गत यादवीत सापडले, त्याचे चांदीचे नाणे हिणकस होत गेले आणि पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्री व्यापार आटला. त्याच सुमारास, २२५ च्या आसपास, सातवाहनांचे मोठे राज्य फुटून लहान लहान सत्ता उभ्या राहिल्या. लांबच्या बाजारावर जगणाऱ्या नगराचे दोन्ही आधार एकाच पिढीत गेले. विणकर गेले की सावकारी जाते, सावकारी गेली की बागा आणि धर्मशाळा सांभाळायला कोणी उरत नाही, आणि बागा सुकल्या की जलयंत्रे करणाऱ्याला गिऱ्हाईक राहत नाही. विष्णुदत्तेच्या लेखानंतर पांडवलेणीत श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद सापडत नाही. अक्षय म्हणून केलेल्या ठेवींचे व्याज कोणत्या वर्षी थांबले हे कोणी कोरून ठेवले नाही, पण श्रेणीच विखुरल्यावर ते थांबणे अटळ होते. मधल्या काळानंतर पाचव्या-सहाव्या शतकांत लेण्यांत महायान पंथाच्या बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. डोंगरावर पुन्हा वर्दळ आली, मात्र तिच्या मागे गोवर्धनच्या श्रेणी नव्हत्या.

नगरे उजाड होण्याचा हा काळ या भागात एकट्या गोवर्धनापुरता नव्हता. जवळच्या अंजनेरीला सापडलेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटात, कलचुरी संवत ४६१ म्हणजे इसवी सन ७१० च्या सुमाराला, उद्ध्वस्त झालेले समगिरीपट्टण नव्याने वसवल्याचे आणि तिथल्या व्यापाऱ्यांना जकात माफ केल्याचे म्हटले आहे. एके काळी राजघराण्यातली माणसे विश्वासाने श्रेणींकडे पैसा ठेवत, आता राजाला व्यापाऱ्यांना सवलती देऊन बोलवावे लागत होते. पुढे यादवांनी आपली ठाणी चांदवड आणि सिन्नरला केली. गोदाकाठचे महत्त्व रामकुंड आणि पंचवटीकडे सरकले, मुघल काळात नाशिक गुलशनाबाद झाले, पेशवाईत तिथे घाट आणि देवळे उभी राहिली. तीर्थाला बंदराची गरज नसते. यात्रेकरू दर वर्षी येतो आणि सिंहस्थाला लाखांनी येतो. नाशिक टिकले ते या आधारावर. गोवर्धनचे नाव पुराणांत रम्य नगर म्हणून राहिले, वस्ती शेतकऱ्यांची झाली.

विसरलेले नगर पुन्हा ओळखीचे झाले ते एकोणिसाव्या शतकात. पांडवलेणीतल्या लेखांच्या नकला घेतल्या गेल्या, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७४ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांवर निबंध लिहिला, आणि भगवानलाल इंद्रजी यांचे वाचन १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये छापून आले. लेखांतले गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचे हेच गाव, ही ओळख तेव्हापासून मान्य आहे. एमिल सेनार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात सर्व लेख एकत्र छापले. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीत उत्खनन करून या काठावरची वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे नेली. १९७९ मध्ये वासुदेव विष्णु मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांचे कोरीव लेख मराठीत भाषांतरासह प्रसिद्ध केले, आणि गोवर्धनच्या विणकरांचा हिशेब मराठी वाचकाला त्याच्या भाषेत उपलब्ध झाला. गावाच्या वरच्या अंगाला १९६५ मध्ये गंगापूरचे मातीचे धरण पुरे झाले. नाशिक शहराचे पिण्याचे पाणी आता मुख्यतः तिथून येते, आणि त्याच पाण्यावर गोवर्धनच्या शिवारात द्राक्षबागा उभ्या आहेत.